अण्णा, उत्तर आलं होतं

अण्णा,

कंपनीचं उत्तर आलं होतं. आपण पत्र पाठवलं त्याच्या नवव्या दिवशी आलं. त्यानंतर पाच महिने तुम्ही रोज सकाळी स्टुडिओत पाऊल टाकलं की खुर्चीत बसायच्या आधी विचारायचात, "आलं काय गं, तंगी?" आणि मी रोज म्हणायचे, "नाही अजून."

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. गडहिंग्लजजवळच्या तुमच्या रानात, तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे, तुम्हाला बसवूनच माती दिली. मी बायकांच्या मागे उभी होते. सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि मनात एकच गोष्ट फिरत होती, की या माणसाशी मी पाच महिने खोटं बोलले आणि आता तो प्रश्न विचारायला परत येणार नाही. आपण ज्यांचे धडे करायचो त्या माने सरांनी त्यांच्या मासिकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. जन्म कुठे झाला, ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात कधी आलात, असं सगळं. ते लिहायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा पहिल्या ओळीवर थांबले. तुमच्याशी बोलल्याशिवाय तुमच्याबद्दल बोलणं मला जमायचं नाही.

तुम्ही मला ओळखायला लागलात त्याच्या आधीपासून मी तुम्हाला ऐकत होते. शिरोळकडच्या आमच्या गावात पाणी शिरलं त्या वर्षी आम्हाला जयसिंगपूरच्या एका शाळेत आणून ठेवलं होतं. एका वर्गात सहा कुटुंबं. माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पुस्तकं घरातच राहिली होती, म्हणजे पाण्याखाली. फोन तेवढा हातात होता आणि त्यात माने सरांचे राज्यघटनेचे धडे होते. शाळेच्या जिन्यात बसून मी ते ऐकायचे. सर प्रश्न विचारायचे आणि मग थोडी जागा असायची. फार नाही. उत्तर माहीत आहे पण आपल्याला ते माहीत असू शकतं यावर विश्वास नाही, अशा मुलीला मनातल्या मनात बोलून होईल, इतकीच. मग सर उत्तर सांगायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आपलं उत्तर ऐकून घ्यायला कुणी थांबतं, हे मला त्या जिन्यात पहिल्यांदा समजलं. वाटायचं, सर किती समजून थांबतात.

सर थांबत नव्हते. मी तुमच्याकडे कामाला लागले तेव्हा त्यांचं मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. प्रश्न आणि उत्तर ते एका दमात बोलून मोकळे व्हायचे. ती जागा तुम्ही ठेवायचात, प्रत्येक प्रश्नाला वेगळी. किती ठेवायची हे कसं ठरवता, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी बी मनात उत्तर देऊन बगतो की. मी सातवी नापास. मला जमलं म्हंजे पोरांस्नी जमतंय."

मी तुमचे आभार मानले नाहीत. जिन्याची गोष्टही कधी सांगितली नाही. सांगेन सांगेन म्हणत राहिले.

स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास होऊन मी सरांकडे काम मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला तुमच्याकडे धाडलं. उद्यमनगरातली वरच्या मजल्यावरची खोली, खाली लेथ, शेजारी फौंड्री. मला वाटलं पत्ता चुकला. इतक्या आवाजात रेकॉर्डिंग कसलं करणार? तुम्ही म्हणालात, "सोमवारी ये, मग कळंल." सोमवारी उद्यमनगर बंद. आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग तुम्ही त्या एका दिवसात उरकायचात आणि बाकीचे दिवस हेडफोन लावून कापाकापी करायचात.

माझी मुलाखत तुम्हाला आठवत असेल. एक वाक्य ऐकवलंत आणि म्हणालात, "ह्यात कुठं कापलंय सांग."

मी तीनदा ऐकलं. "कळत नाही."

"परत ऐक."

"खरंच कळत नाही, काका."

"मग बरोबर कापलंय मी," तुम्ही म्हणालात. "आणि काका न्हाय. आमच्याकडं अण्णा म्हणत्यात. उद्यापास्नं ये."

त्याच आठवड्यात मी तुमची तंगी झाले, धाकटी बहीण. अण्णा आणि तंगी, तुमच्या कन्नडातले मला आलेले हे पहिले दोन शब्द.

तुमच्या उजव्या हाताखाली बशीएवढं एक चाक असायचं. ते हळू फिरवलं की पडद्यावरची रेघ आवाजावरून हळू सरकायची आणि तिच्याखालचा आवाज तसाच सावकाश, घोगरा होऊन ऐकू यायचा. पूर्वी टेपची चकती हाताने फिरवून ऐकायचे, तसं. सॉफ्टवेअरवाले त्याला स्क्रब म्हणतात. तुम्ही म्हणायचात, चाकावर ऐकणं. सरांचा "भारत" हा शब्द चाकावर म्हशीच्या हंबरण्यासारखा लांबायचा आणि त्या हंबरण्यात भ नेमका कुठे उघडतो ते तुम्ही बोटांनी धरायचात. मी पडद्यावरच्या चित्रात बघून कापायचे. आवाजाचे डोंगर जिथे संपतात, सपाट पट्टी दिसते, तिथे कात्री. माझं पहिलं काम ऐकून तुम्ही हेडफोन काढून मांडीवर ठेवलात.

"श्वास कुठं गेला?"

"मागच्या वाक्याबरोबर गेला असेल."

"श्वास पुढच्या वाक्याचा असतोय, तंगी. माणूस पुढचं बोलायचं म्हणून दम घेतोय. मागचं बोलून झालंय त्याचं."

यावरून आपण वर्षभर भांडलो. मी म्हणायचे, सरांचा श्वास भात्यासारखा वाजतो, मुलांना तो कशाला ऐकवायचा, काढून टाकू. तुम्ही म्हणायचात, "भाता तर भाता. माणूस हाय नव्हं त्यो?" एकदा मी तुम्हाला न सांगता एका धड्यातले सगळे श्वास काढले. तुम्ही पाच मिनिटं ऐकलंत आणि विचारलंत, "सर वारले काय?" मी इतकी हसले की खालून लेथवाल्यानं वर बघितलं. हार मात्र मी मानली नव्हती. ते भांडण अजून अर्धंच आहे.

आणि वाचणं. तुम्ही मला सगळं वाचायला लावायचात. आलेलं पत्र, औषधाची चिठ्ठी, फोनवरचा निरोप, स्टँडवर बसची पाटी. "तू शिकलेली. तू वाच." मी घरी आईला अभिमानाने सांगायचे की अण्णा एवढे मोठे, पण माझ्या शिक्षणाला मान देतात. आई शेजारणीला सांगायची. तुमच्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं होतं की ती पदवी कुणाच्या तरी उपयोगाची आहे.

मग ती सूचना. रोज सकाळी संगणक सुरू केला की पडद्याच्या मध्यभागी यायची, नवी आवृत्ती तयार आहे म्हणून. तुम्ही सरावाने एक कळ दाबून ती घालवायचात आणि मला बजावलं होतंत, "चालत्या मशीनला हात लावायचा न्हाय." पुतण्याच्या लग्नाला तुम्ही दोन दिवस गडहिंग्लजला गेलात आणि मी "हो" दाबलं. कॉलेजच्या संगणक वर्गात शिकवलं होतं, आवृत्ती ताजी ठेवावी. मला वाटलं, अण्णा येतील, सगळं नवंकोरं दिसेल, खूश होतील.

तुम्ही आलात. लग्नातले लाडू माझ्या टेबलावर ठेवलेत, खुर्चीत बसलात आणि चाक फिरवलंत. परत फिरवलंत.

"आवाज बंद हाय काय गं?"

"नाही. रेघ सरकतेय की."

"सरकतीया?"

"हो. बघा की."

तुम्ही पडद्याकडे बघितलं नाहीत. माझा आवाज जिकडून आला तिकडे बघितलंत, आणि तेही थोडं चुकून, माझ्या खांद्याच्या पलीकडे. खालचा लेथ चालू होता. त्या एवढ्याशा वेळात औषधाच्या चिठ्ठ्या, बसच्या पाट्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तुम्ही माझ्या पदवीला मान देत नव्हतात, अण्णा. तुम्हाला दिसत नव्हतं.

"कवापास्नं?" हा प्रश्न मी विचारला, तोही तुमच्याच भाषेत.

"चार वर्सं झाली. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलंय, गेलेलं येत न्हाय." मग म्हणालात, "बायकोला, तुमच्या अक्काला, ठाव हाय. आता तुला. सरांस्नी न्हाय सांगायचं. आंधळ्याकडं कोण काम देतंय?"

चार वर्षं तुम्ही चाकावर ऐकून काम करत होतात आणि कुणालाच कळलं नव्हतं, कारण कळावं असं काही चुकतच नव्हतं. नव्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली होती. चाक फिरायचं, रेघ सरकायची, आवाज नाही. मी सॉफ्टवेअरची प्रत्येक खिडकी उघडून बघितली. कुठेतरी लपवलं असेल, बंद करून ठेवलं असेल. नव्हतं. जुनी आवृत्ती नेटवरून उतरवून घ्यायची सोय कंपनीने बंद केली होती. आपल्या चालू धड्यांच्या फाइली नव्या आवृत्तीने स्वतःच्या पद्धतीने साठवल्या होत्या, त्या जुन्यात उघडल्याही नसत्या. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. "तू काय मुद्दाम केलंस व्हय?" एवढंच. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तुमच्या धंद्यातली माणसं जमली होती. सगळ्यांचीच बोंब होती. इचलकरंजीचे बशीरभाई, लग्नाच्या व्हिडिओवाले, कपाळाला हात लावून सांगत होते, "तीस वर्सं ह्या हातानं कापलं. आता मला म्हणत्यात चित्र बगा. आवाजाचं कुठं चित्र असतंय?" भजनांच्या कॅसेटी करणारे एकजण म्हणाले, ह्यांच्यात कुणी कापणारा माणूस हाय का नुसते विकणारे? तुम्ही हसत होतात. सगळे एका दुखण्याचे म्हणून तुम्हाला धीर आला होता. त्यांची गैरसोय झाली होती आणि तुमचे डोळे दुसऱ्यांदा गेले होते, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मग पत्र लिहायचं ठरलं. इंग्रजीत, म्हणजे मी. तुम्ही सांगत होतात.

"लिव. तुमी आमचा हात तोडलाय."

मी टाइप केलं. तुम्ही म्हणालात, "काय लिवलंस ते मराठीत सांग."

"आम्ही आपल्याला नम्र विनंती करतो की..."

"इनंती? आपण काय देवळाच्या दारात बसलोय?"

"इंग्रजीत असंच लिहितात, अण्णा."

"सुताराची पटाशी काढून घेतली तर सुतार इनंती करतोय व्हय? इचारतोय, का काढली म्हणून. तसं लिव."

मी तसं लिहिलं नाही. थोडं बदलल्यासारखं करून मूळचंच ठेवलं. इंग्रजीची भीती होती, आणि खरं सांगायचं तर मोठ्या माणसांशी ताठ बोलायचीच मला भीती होती. तलाठ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांपुढे आमचं घर हात जोडूनच उभं राहिलेलं. दुसरं भांडण डोळ्यांवरून. मी म्हणाले, तुम्हाला दिसत नाही हे लिहू या, मग त्यांना ऐकावंच लागेल. तुमचा चेहरा बदलला.

"डोळ्याचं एक अक्षर लिवायचं न्हाय. हे हत्यार हाय. चांगलं हाय म्हणून पायजे. दया म्हणून नको."

ते मात्र मी पाळलं.

उत्तर आलं तेव्हा तुम्ही खाली चहा सांगायला गेला होतात. अक्षरशः दहा ओळी. अगदी गोड लिहिलं होतं. आपण कळवल्याबद्दल आभारी आहोत. ही सोय फार थोडे लोक वापरतात असं आढळल्याने काढली आहे, परत आणायचा विचार नाही. आणि शेवटी एक सल्ला होता, की पडद्यावरचं आवाजाचं चित्र मोठं करून बघा, त्यात कापायची जागा कानापेक्षा नेमकी दिसते.

मोठं करून बघा. हे वाक्य मी तुम्हाला कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार होते? तुम्ही जिना चढत होतात, हात भिंतीला लावून. मी पडद्यावरची ईमेलची खिडकी बंद केली. तुम्ही विचारलंत, "आलं काय गं?" आणि मी म्हणाले, "नाही अजून." मला वाटलं होतं, एक दिवस. नीट शब्द सापडले की सांगेन. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं खोटंही सांगावं लागणार होतं, म्हणून नाही सांगितलं. मग रोज थोडं आणखी अवघड होत गेलं.

दोन महिन्यांनी बशीरभाई स्टुडिओत आले. हे मला सगळ्यांत जास्त छळतं, म्हणून नीट लिहिते. त्यांच्याकडे एक जुना संगणक होता, नेटला कधी न जोडलेला, त्यात ती जुनी आवृत्ती जशीच्या तशी चालत होती. पंखा वाजायचा, हळू होता, पण चाकावर आवाज यायचा.

"घेऊन जावा अण्णा," ते म्हणाले. "माझं पोरगं नव्यावर शिकलंय. माझ्याकडं नुसता धूळ खातोय."

"नगं," तुम्ही म्हणालात. "माझ्या फाइली सगळ्या नव्यात अडकल्यात. सुरवातीपास्नं परत कराय लागंल. आणि पत्र पाठवलंय की आमी. हिनं इंग्रजीत लिवलंय, फाकडं. इतक्या लोकांची बोंब झाल्यावर ते घालतील परत. काय गं तंगी?"

मी मान हलवली. तुम्हाला ती दिसणार नव्हती हे लक्षात येऊन तोंडानेही म्हणाले, "हो, घालतील."

"बगा," तुम्ही बशीरभाईंना म्हणालात. "शिकलेली पोरगी हाय."

बशीरभाई म्हणाले, "मग मी काढून टाकू?"

"टाका की."

त्यांनी तो सुटा करून विकला. आता त्याचा पत्ताही नाही.

त्यानंतर आपण दोघे मिळून एकाचं काम करायचो. तुम्ही ऐकायचात, मी रेघ धरायचे. "हं," तुम्ही म्हणायचात, आणि मी थांबवेपर्यंत अर्धा शब्द पुढे गेलेला असायचा. "मागं. जरा मागं. लई गेलीस. आता पुढं, केसभर." ज्या धड्याला तुम्हाला एक सकाळ लागायची त्याला तीन दिवस लागायला लागले. सुरुवातीला आपण हसायचो. तुम्ही म्हणायचात, नवीन लग्न झाल्यासारखं हाय, एक म्हणतोय उजवीकडं आन दुसरी जातीया डावीकडं. मग हसणं कमी झालं. मग तुम्ही "तूच कर, मी ऐकतो" म्हणायला लागलात, आणि एक दिवस, "तूच कर, मी घरी जातो." सर विचारायचे, अण्णा हल्ली दमलेले दिसतात. मी म्हणायचे, बीपीचा त्रास आहे. तेही खोटंच.

तरी रोज सकाळी तुम्ही यायचात. कामाला नाही, तो प्रश्न विचारायला. भिंतीला हात लावून जिना चढायचात, विचारायचात, माझं "नाही अजून" ऐकायचात आणि म्हणायचात, "येईल. मोठी कंपनी हाय, वेळ लागतोय." शेवटच्या बुधवारीसुद्धा. गुरुवारी सकाळी आला नाहीत, आणि मला, देवाशप्पथ सांगते, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, की आज खोटं बोलावं लागणार नाही. अकरा वाजता अक्कांचा फोन आला.

परवा मी अक्कांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. सून आत होती. मी बोलत असताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "वाच ते पत्र."

मी फोनवरून वाचलं, एकेक ओळ मराठी करून. शेवटची ओळ वाचताना अडखळले.

"वाच की. काय लिवलंय?"

"चित्र मोठं करून बघा."

अक्कांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाल्या, "डोळ्याचं लिवलं हुतंस त्यांस्नी?"

"नाही. अण्णांनी नको म्हटलं होतं."

"बरं केलंस. परक्या लोकांस्नी कशाला. आपल्या माणसांस्नी आता सांगितलंस तर चालंल." शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सारलं. "पर हे न्हाय बरं केलंस. त्या माणसाला डॉक्टरनं तोंडावर न्हाय म्हणून सांगितलं, मिरजंत. मी हुतो की शेजारी. बाहेर येऊन मला म्हणाला, चल, मिसळ खाऊया, आणि दुसऱ्या दिवशी चाक घेऊन बसला. एकदा न्हाय म्हटलं की त्यो दुसरं काय तरी काढायचा. तू त्याला न्हाय म्हटलंच न्हाईस. वाट बगाय लावलीस."

"चुकलं, अक्का."

"व्हय. चुकलं." त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं आता येणार नाहीत. चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "पोरगा खोली सोडूया म्हणतोय. मी नगं म्हटलंय. किल्ली तुझ्याकडंच राहू दे. पर परत असं माझ्यासंगट केलंस तर मागून घेईन."

त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. मला तसं समजायचंही नाही.

लोक मला म्हणतात, त्यांचं वय झालं होतं, हृदय होतं, सॉफ्टवेअरमुळे कुणी मरतं का? नाही मरत. मला ते कळतं. पण तुमचे शेवटचे तीन महिने तुम्ही चाकावर हात ठेवून घालवू शकला असतात, वाजणाऱ्या पंख्याच्या का होईना, बशीरभाईंच्या संगणकापुढे. ते महिने तुम्ही जिना चढण्यात आणि उतरण्यात घालवलेत. ते कंपनीने नाही घेतले. कंपनीने नऊ दिवसांत साफ सांगितलं होतं.

काल सोमवार होता. खाली सगळं बंद. बत्तिसावा धडा राहिला आहे म्हणून माने सर आले. तुमच्या खुर्चीकडे बघून त्यांनी नमस्कार केला आणि काचेपलीकडे जाऊन बसले. वाचलं. संपल्यावर नेहमीप्रमाणे विचारलं, "चांगलं झालं ना?"

तुम्ही होतात तेव्हा हा प्रश्न आपल्या दोघांना असायचा. मी "छान झालं, सर" म्हणायचे, तुम्ही "न्हाय, परत" म्हणायचात आणि सर तुमचं ऐकायचे. काल मी एकटी होते. सर म्हणजे माझ्या आईबापांनी ज्यांच्यापुढे चपला बाहेर काढून उभं राहावं असे. मी काचेपलीकडे बोलायचं बटण दाबून म्हणाले, "नाही, सर. परत घ्यावं लागेल."

सरांनी चष्मा काढला. "कुठं चुकलं?"

"शेवटच्या परिच्छेदात दम पुरला नाही. शब्द गिळलेत."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. पानं सारखी केली, पहिलं पान वर घेतलं आणि सुरुवातीपासून वाचायला लागले. रागावले नाहीत. काहीच झालं नाही, अण्णा. मी नाही म्हटलं, आणि काहीच झालं नाही.